साडेबारा टक्क्यांवरचं लंडन

पेनी स्मिथला तो फोटो द्यायचाच नव्हता. हललाय, धूसर आलाय, असं तिचं म्हणणं, आणि नुसता फोटो म्हणून बघितलं तर ते खरंच होतं. सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम थिएटर. स्टेजवर 'द क्लॅश' हा लंडनचा बँड. त्यांच्यातला बेस गिटार वाजवणारा पॉल सिमोनन गिटारीची मान दोन्ही हातांनी धरून ती डोक्यावरून खाली आणतोय. पाय फाकलेले, पाठीची कमान झालेली, डोकं खाली. चेहरा दिसतच नाही. पुढच्या क्षणी गिटार स्टेजच्या फळ्यांवर फुटणार आहे. एवढा राग कशाचा, तर थिएटरचे बाउन्सर प्रेक्षकांना खुर्चीवरून उठू देत नव्हते.

हे कारण मला फार आवडतं. आपण बसून ऐकणारी माणसं. गडकरी रंगायतनात दाद द्यायची तीसुद्धा खुर्चीतूनच, फार तर 'वन्स मोअर' ओरडून. समोरच्याला उभं राहू देत नाहीत म्हणून वाजवणाऱ्याचं डोकं फिरावं, स्वतःच्या पोटापाण्याचं वाद्य त्यानं आपटून फोडावं, ह्यात मला त्यांच्या 'लंडन कॉलिंग' ह्या अल्बमची अख्खी जातकुळी दिसते. पुढे रे लोरी ह्या व्यंगचित्रकारानं तोच हललेला फोटो मुखपृष्ठावर घेतला. डावीकडे उभी गुलाबी अक्षरं, खाली आडवी हिरवी. एल्विस प्रेस्लीच्या १९५६च्या पहिल्या अल्बमची उघडउघड नक्कल. डिसेंबर १९७९मध्ये इंग्लंडात 'लंडन कॉलिंग' बाजारात आला, आणि ती फुटकी गिटार आता लंडनच्या शहर-संग्रहालयाच्या मालकीची आहे. बंडखोरीचं शेवटी काचेच्या पेटीत काय होतं ते आपल्याला इकडचीही उदाहरणं पाहून ठाऊक आहे, तेव्हा ते असो.

माझ्याकडे हा अल्बम आला तो ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर मिळणाऱ्या एमपीथ्री सीडीवरून. प्लास्टिकच्या पिशवीतली सीडी, आत झेरॉक्स काढलेलं पिवळट कव्हर, वर 'इंग्लिश रॉक' एवढंच. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. त्या सीडीत कुणाचीही गाणी कुणाच्याही नावावर होती, पण एका फोल्डरमध्ये हा अल्बम मात्र कुणीतरी मन लावून, ओळीनं भरला होता. चोरीचा माल हे तेव्हाही कळत होतंच. ह्या बँडच्या बाबतीत मात्र त्याचं ओझं जरा हलकं वाटतं. अल्बम दोन रेकॉर्डींचा, पण तो एका रेकॉर्डीच्या किमतीत विकायचा असा हट्ट धरून ते सीबीएस ह्या रेकॉर्ड कंपनीशी भांडले होते. कंपनी एवढंच म्हणाली की फार तर सोबत एक बारा इंची सिंगल फुकट देऊ. ह्यांनी त्या फुकट सिंगलवर गाणी चढवत चढवत तिचीच दुसरी रेकॉर्ड करून टाकली. एकोणीस गाणी, सुमारे पाच पौंडांत.

पंक म्हणजे काय हे कुणी विचारलं तर माझं उत्तर साधं असतं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला इंग्लंडातली बेकार, कंटाळलेली पोरं तीन कॉर्डवर, भरधाव वेगात, गळा फाडून गायला लागली, ते. त्यातले बरेच बँड दोन-तीन वर्षांत संपले. राग खरा होता, पण तो नुसता 'सगळं जाळा' म्हणत राहिला, आणि सगळं जाळा म्हणणाऱ्याला एक दिवस काडीसुद्धा सापडत नाही. 'क्लॅश' टिकले, कारण त्यांनी ह्या अल्बममध्ये दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ते इतरांचं ऐकायला लागले. जमैकाचा रेगे आणि स्का, अमेरिकेचा जुना रॉकाबिली, थोडा जॅझ, थोडं सिनेमातल्यासारखं भव्य वाद्यवृंदाचं काहीतरी. पंकवाल्यांच्या लेखी हे सगळं बाटगेपण होतं. आणि दुसरी, मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी रागाला पत्ता दिला. थेम्सचा काठ, ब्रिक्स्टन, स्पेनमधलं आंदालुसिया, वरच्या मजल्यावरची भांडणं ऐकू येणारं घर. प्रत्येक चांगल्या गाण्यात कुणीतरी कुठेतरी उभं असतं, आणि ते 'कुठेतरी' नकाशावर दाखवता येतं. नुसत्या घोषणेपेक्षा ह्यातलं राजकारण मला जास्त बोचतं.

आता मामांकडे वळतो.

मामा राहायचे ठाण्यात, किसननगरला. नोकरी शेजारीच, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. टर्नर. एमआयडीसीचा जन्मच वागळे इस्टेटमधला, १९६२चा, आणि मामांच्या पिढीचं सगळं आयुष्य त्या भोंग्यावर चाललं. तरुणपणी ते युनियनच्या कलापथकात डफ वाजवायचे. गेट मीटिंगला पुढारी यायला नेहमीच उशीर, तोवर पहिल्या पाळीतून सुटलेली माणसं घराकडे पांगू नयेत म्हणून ह्यांनी फाटकासमोर गायचं. पुढे कारखान्यात टाळेबंदी झाली, मग ती उठली, मग व्हीआरएस आली. मी सीडी घेऊन त्यांच्याकडे जायला लागलो तेव्हा मामा घरीच असायचे आणि मामीला भाजी निवडून द्यायचे.

मामेभावाच्या कॉम्प्युटरला दोन टिचभर स्पीकर होते. पहिल्या दिवशी पालकाच्या जुडीवरून मान वर न करता मामांनी विचारलं, "काय रे, हे भांडतायत का गातायत?"

"दोन्ही, मामा."

"मग बरंय."

थोड्या वेळानं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' लागलं. सिमोननचं गाणं, त्यानं लिहिलेलं आणि स्वतः गायलेलं. गाणी लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, पोस्टरं रंगवणाऱ्याला मिळत नाहीत, हे लक्षात आल्यावर आपण लिहायला बसलो, असं त्यानंच सांगून ठेवलंय. इतकं प्रामाणिक कारण क्वचित ऐकायला मिळतं. तो स्वतः ब्रिक्स्टनमध्ये वाढलेला. दक्षिण लंडनची ही वस्ती, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांची, आणि पोलिसांचा त्यांच्यावर कायम डोळा. गाण्यात विचारणा अशी की ते दारावर लाथ मारून आत येतील तेव्हा तू कसा बाहेर येशील, हात डोक्यावर ठेवून की बंदुकीच्या चापावर बोट ठेवून? हे १९७९चं. ब्रिक्स्टनमध्ये खरोखरचा भडका उडाला तो एप्रिल १९८१मध्ये.

मामांना ह्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्यांचा हात पालकावरून पोळ्यांच्या डब्यावर गेला. झाकणावर बोटं वाजायला लागली आणि अडखळली. परत वाजली, परत अडखळली. "अरे, ह्यांची सम कुठाय?"

रेगेत हेच होतं. पहिली मात्रा, जिथे आपला ठेका दणकन पडतो, जिथे तबलजी आणि गाणारा एकमेकांकडे बघून मान डोलावतात, ती रेगेवाले बऱ्याचदा रिकामीच सोडतात. गिटारीचा झटका येतो तो मात्रांच्या मधल्या फटीत. आपल्या कानाला पायरी चुकल्यासारखं होतं. मामांनी तोंडानं मोजून पाहिलं, मग समेवर हात हवेत धरायचा आणि मधल्या जागी वाजवायचं असं करून बघितलं, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत त्यांना ते जमलं. मामी आतून म्हणाल्या, "डबा पोचेल हं." मामांचं लक्ष नव्हतं. "गाभा रिकामा ठेवतायत," ते म्हणाले. "आमच्या मास्तरानं मारलं असतं ह्यांना."

'क्लॅम्पडाऊन' मात्र मी त्यांना ओळ न् ओळ मराठीत सांगितलं होतं. पहिल्याच ओळीत एका माणसाची पगडी उतरवून, हा ज्यू आहे का, असं विचारतात. ही ओळ ऐकताना मला त्याच वर्षीचं साउथॉल आठवतं. २३ एप्रिल १९७९ला पंजाब्यांच्या त्या वस्तीत नॅशनल फ्रंट ह्या वंशद्वेष्ट्या पक्षानं सभा घेतली, विरोधात लोक रस्त्यावर आले, आणि ब्लेअर पीच हा शिक्षक पोलिसांच्या मारहाणीत मेला. पकडलेल्यांच्या कोर्टखर्चासाठी जुलैमध्ये जे कार्यक्रम झाले त्यात 'क्लॅश' वाजवायला होते. गाणं पुढे कारखान्यात शिरतं. तरणं पोर कामाला लागतं, त्याच्या अंगावर गणवेश चढतो, हळूहळू ते निवतं, आणि एक दिवस स्वतःच दुसऱ्यावर हुकूम सोडायला लागतं. मधेच सांगणं येतं की जुनी माणसं बेरकी आहेत, तू कुणाचं देणं लागत नाहीस, पळ इथून, तुझी उमेदीची वर्षं चोरायला हे टपलेत. आणि एक ओळ अशी की राग ही ताकद आहे, ती वापरता येते, माहितीय का तुला?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसले. "मला जुन्या माणसांनी नेमकं उलटं सांगितलं. चिकट म्हणाले. काहीही कर, दोनशे चाळीस दिवस भर आणि पर्मनंट हो."

त्या एका वाक्यानं माझ्यासाठी ते गाणं बदललं. लंडनच्या पोराला जन्मभराची कारखान्यातली नोकरी हा तुरुंग वाटत होता. किसननगरच्या, लोकमान्यनगरच्या चाळीतल्या पोराला तोच तुरुंग मोक्ष वाटत होता, आणि त्याचं दार आतून बंद व्हावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. दोघांचं खरं असू शकतं. गंमत अशी की हे गाणं आलं तेव्हा मार्गारेट थॅचर मे महिन्यात निवडून येऊन जेमतेम सात महिने झाले होते. १९८२ उजाडेपर्यंत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. ज्या भोंग्यापासून पळ म्हणून सांगितलं तो भोंगाच बंद झाला. वागळे इस्टेटमध्येही पुढे तेच झालं, फक्त आपल्याकडे त्या जागांवर काचेच्या इमारती आल्या आणि आत कॉल सेंटर. मामांच्या कारखान्याच्या जागेवर आज काय आहे ते मी सांगत नाही, कारण माझा एक मित्र तिथे नोकरीला आहे आणि त्याला अजून पर्मनंट केलेलं नाही.

ह्या अल्बमला 'राजकीय' म्हणताना लोक सहसा अशीच गाणी मोजतात. मी त्यात 'लॉस्ट इन द सुपरमार्केट' घालतो, किंबहुना सगळ्यात वर घालतो. जो स्ट्रमर आणि मिक जोन्स हे बँडचे दोघे गाणारे. स्ट्रमरनं ते लिहिलं आणि गायला जोन्सला दिलं. लिहिताना त्यानं जोन्सचं बालपण डोळ्यांपुढे आणलं. जोन्स आजीकडे वाढलेला, पुढे तिच्यासोबत वेस्टवे ह्या उड्डाणमार्गावर नजर जाणाऱ्या टोलेजंग इमारतीत राहिलेला. गाण्यातला माणूस सुपरमार्केटमध्ये हरवलाय. चहाच्या पुड्यांवरची कुपनं जमवतोय, भारीतली गाण्यांची रेकॉर्ड घरी आणतोय, वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं ऐकतोय, भिंतीतल्या पाइपांचा आवाज त्याला सोबतीला आहे. घोषणा एकही नाही. आवाजसुद्धा चढत नाही, जोन्स ते जवळजवळ अंगाईसारखं गातो.

घोडबंदर रोडच्या टॉवरांत राहणाऱ्या कुणीही हे गाणं रविवारी संध्याकाळी डी-मार्टच्या बिलाच्या रांगेत उभं राहून ऐकावं. ट्रॉलीत दोनावर एक फुकट असलेला साबण, जो लागणार नाहीये. शेजारच्या ट्रॉलीत तेच. पोराला आइस्क्रीम हवंय म्हणून ते रडतंय आणि बाप मोबाइलमध्ये ईएमआय कटल्याचा मेसेज बघतोय. तीस मजल्यांवर शेकडो घरं, आणि शेजारच्याचं आडनाव आपल्याला कुरिअरवाल्याकडून कळतं. ह्या एकटेपणाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, म्हणून ते राजकारणात मोजलं जात नाही एवढंच.

स्ट्रमरविषयी थोडं सांगायला हवं. त्याचं खरं नाव जॉन मेलर. जन्म १९५२चा, तुर्कस्तानातल्या अंकाराचा, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात. ह्या वडिलांचा जन्म लखनौचा. पोरगा बोर्डिंगात शिकला, आणि मग लंडनला रिकाम्या घरांत घुसून राहणाऱ्यांच्यात जाऊन मिसळला. त्याच्या आधीच्या बँडचं नावसुद्धा अशाच एका घराच्या नंबरावरून पडलेलं. सुखवस्तू घरातून आलेला हा माणूस कष्टकऱ्यांची गाणी गातो, असा टोमणा त्याला आयुष्यभर ऐकावा लागला. टोमण्यात तथ्य आहे. पण आपल्याकडे चळवळीत गायलेल्या सगळ्यांचे सातबारे तपासायला बसलो तर निम्मं कलापथक घरी जाईल. बिचारा २००२मध्ये, जन्मजात हृदयदोषानं, पन्नाशीतच गेला.

शीर्षकगीताचं नाव बीबीसीवरून आलं. महायुद्धाच्या काळात रेडिओवरून 'लंडन बोलतंय' अशी हाक यायची, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या देशांत लोक ती चोरून ऐकायचे. स्ट्रमरनं तीच हाक घेतली आणि उलटी केली. आता लंडन हाक देतंय ते बुडताना. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला होता; ती भीती गाण्यात आहे. हिमयुग येतंय, धान्य खुरटतंय, हेही आहे. आणि थेम्सला पूर येऊन मध्य लंडन बुडेल ही भीती तर सरकारी होती, त्यासाठी नदीवर मोठा बंधारा बांधायचं काम तेव्हा चालूच होतं. ह्या सगळ्यावर गाणारा म्हणतो की लंडन बुडतंय आणि मी तर नदीकाठीच राहतो. ही ओळ घाबरून म्हटलीय का छाती काढून, हे मला अजून ठरवता येत नाही. शेवटी गिटारीतून मॉर्सचे ठिपके येतात. बुडत्या जहाजाचा इशारा.

गाण्याची फिल्म काढली डॉन लेट्सनं, डिसेंबरच्या एका रात्री, बॅटरसीजवळच्या धक्क्यावर. बँड धक्क्यावर, कॅमेरा होडीत. ह्या पठ्ठ्याला पोहता येत नाही, आणि थेम्सला भरती-ओहोटी असते हे त्याच्या गावी नव्हतं. ओहोटीनं होडी खाली गेली आणि बँड राहिला वर टांगलेला. त्यात पाऊस. फिल्म अप्रतिम झाली ती कदाचित त्यामुळेच. ऐरोली नाहीतर दिवा गावातलं दहा वर्षांचं पोरसुद्धा त्याला सांगू शकलं असतं की बाबा, आधी पाण्याची वेळ बघ.

कारण इथे खाडीला विचारल्याशिवाय काहीच होत नाही. नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर भराव घालून उभा आहे, कितीतरी ठिकाणी मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोनं हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद व्हायच्या, पावसाचं पाणी तलावात साठायचं, ओहोटी लागली की खाडीत सुटायचं. त्याआधी शेकडो वर्षं इथले आगरी शेतकरी हेच करत होते, मातीच्या बांधांनी आणि लाकडी उघाडीनं. आता तलावांत गाळ साचलाय, खारफुटी उगवलीय, ती काढावी की राखावी ह्यावर वाद आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हापासून जुलैतल्या मोठ्या भरतीचं वेळापत्रक आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी फिरतं, मग दुधाचे बदललेले दर. खाडीकाठी राहणाऱ्याला ते गाणं इंग्रजी वाटत नाही.

पण मी ज्या गाण्यापाशी सगळ्यात जास्त थांबतो ते 'स्पॅनिश बॉम्ब्स'. स्टुडिओतून रात्री घरी जाताना स्ट्रमरनं रेडिओवर स्पेनच्या बातम्या ऐकल्या. बास्क फुटीरवाद्यांनी पर्यटकांच्या किनाऱ्यांवर बॉम्ब ठेवले होते. त्यावरून त्याच्या डोक्यात १९३६ ते १९३९चं स्पेनचं यादवी युद्ध आलं. गाण्यात दोन्ही काळ एकमेकांत शिरतात. इकडे विमानानं सुट्टीला निघालेला माणूस, डिस्को, कॅसिनो. तिकडे खंदकात कवी, टेकड्यांवर 'स्वातंत्र्य'ची आरोळी, फेदेरिको लोर्का हा कवी फॅसिस्टांनी गोळ्या घालून मारलेला. चाल इतकी हलकीफुलकी की नाचावं. धृपदात स्ट्रमर स्पॅनिशमध्ये गातो, आणि ते स्पॅनिश मोडकंतोडकं आहे. तरी पुढे, २०१३ साली, ग्रनाडा शहरानं एका चौकाला त्याचं नाव दिलं.

सुट्टीला गेलेल्या माणसाच्या पायाखाली कुणाचं तरी युद्ध असतं, हे त्या गाण्यात आहे. मी सुट्टीलाही गेलेलो नाही, मी इथेच राहतो, घणसोलीत. माझी इमारत साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहे. नवी मुंबईत घर बघायला निघालं की एजंट पहिल्यांदा हेच सांगतो, 'सिडकोचं पाहिजे का साडेबारा टक्क्यांचं?' आणि लगेच भावाचा फरक. मीही तो आकडा कर्जाच्या फायलीत लिहून मोकळा झालो होतो. त्याच्यामागची गोष्ट अशी की १९७०पासून ह्या शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं, मोबदला नगण्य, आणि त्याविरुद्ध दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात, जासईच्या आंदोलनात, पोलिसांनी गोळीबार केला. १६ आणि १७ तारखेला मिळून पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व त्या रक्तातून आलं.

आमच्या प्लॉटचे मूळ मालक तळमजल्यावर राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. संध्याकाळी ते गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, वॉचमनला विड्यांवरून रागावतात आणि स्वतः एक ओढतात. जानेवारीत ते पांढरा सदरा घालून जासईला हुतात्म्यांना अभिवादन करायला जातात. एकदा मी विचारलं, "आबा, तुम्ही होतात का तेव्हा?" म्हणाले, "होतो तर. ट्रकात बसून गेलेलो. चपला तिथंच राहिल्या." मग पार्किंगमधल्या माझ्या गाडीकडे बोट केलं. "ते आमचं खालचं शेत. तुमच्या सेक्टराला नंबर हाय, आमच्या शेताला नाव होतं." त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरातलं आहे.

त्या आठवड्यात मी गाडी पार्किंगमधून काढताना नेमकं 'स्पॅनिश बॉम्ब्स' लागलं, आणि मी ते बंद केलं नाही, उलट पाम बीच रोडला लागेपर्यंत आवाज वाढवत नेला. नाचरी चाल आणि खाली मढी, हे काही स्पेनचं खास नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव द्या म्हणून त्याआधी कितीतरी वर्षं मोर्चे निघत होते, मानवी साखळ्या होत होत्या. तेव्हा ट्रॅफिकमध्ये अडकून वैतागलेले माझे सहकारी विचारायचे, नावात काय आहे एवढं? त्यांना मी आबांची भेट घालून द्यायला हवी होती.

आता ह्या अल्बमच्या विरोधात जे बोलतात त्यांचंही ऐकू. 'क्लॅश'नी जानेवारी १९७७मध्ये सीबीएसशी करार केला, तेव्हाच पंक मेला असं म्हणणारे होते. बहुराष्ट्रीय कंपनीच्या पैशानं क्रांतीची गाणी. ह्याच अल्बममध्ये 'कोका कोला' नावाचं जाहिरातवाल्यांची टर उडवणारं गाणं आहे, आणि पुढे ह्याच अल्बमचं शीर्षकगीत जॅग्वार मोटारीच्या जाहिरातीत वाजलं. (तीच जॅग्वार २००८मध्ये टाटांनी घेतली, म्हणजे ते ओझं थोडं आपल्याकडेही आलं.) मला हे खुपतं. बुडणाऱ्या शहराची हाक ज्या मोटारीतून लोक काच वर करून निघून जातील ती मोटार विकायला वापरली गेली, ह्यावर सारवासारव करणारे चाहते मला जास्त खुपतात. एवढंच म्हणेन की ह्या लोकांना स्वतःचं हे भवितव्य दिसत होतं. 'डेथ ऑर ग्लोरी'मध्ये त्यांनी आपल्यासारख्यांचीच खिल्ली उडवलीय: मरण नाहीतर कीर्ती म्हणत निघालेले वीर एक दिवस घरी पोरांवर हात उगारणारे बाप होतात. आणि पुढच्याच वर्षी तीन रेकॉर्डींचा अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून त्यांनी पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन सोडलं. हिशोब बरोबरीत सुटतो का? नाही सुटत. पण हिशोब मांडायला जागा ठेवणारे कलावंत तसे कमीच.

निर्माता गाय स्टीव्हन्सबद्दल एक ओळ तरी लिहायलाच हवी. रेकॉर्डिंग चालू असताना हा खुर्च्या फेकायचा, शिडी फिरवायचा, पियानोत दारू ओतायचा. कंपनीचा त्याच्यावर विश्वास नव्हता, दारूनं त्याला पोखरलं होतं, १९८१मध्ये तो गेलाच. पण त्या गाण्यांत जी एक खोली भरून वाहते, चार माणसं एकमेकांच्या अंगावर वाजवतायत असं जे वाटतं, त्याचं श्रेय बरंचसं त्या वेड्याचं. हल्ली एकेक वाद्य स्वच्छ पुसून ठेवलेले अल्बम ऐकले की मला खुर्ची फेकावीशी वाटते.

शेवटच्या गाण्याचं नाव पहिल्या छापील मुखपृष्ठावर नव्हतंच. 'ट्रेन इन व्हेन' एका संगीत-साप्ताहिकासोबत फुकट वाटायचं ठरलं होतं, ते फिसकटलं, तोवर कव्हरं छापून झाली होती, म्हणून गाणं गुपचूप शेवटी चिकटवलं. अणुभट्टी, पूर, फॅसिस्ट, पोलिसांच्या लाथा, हे सगळं होऊन गेल्यावर एक प्रेयसी सोडून गेलेला मिक जोन्स उरतो आणि तक्रार करतो की मी अडचणीत असताना तू माझ्यामागे उभी राहिली नाहीस. अमेरिकेत ह्या बँडचं पहिल्या तिसांत पोचलेलं पहिलं गाणं हेच. पंकच्या कट्टर भक्तांना ते लाजिरवाणं वाटतं. मला नाही वाटत.

किसननगरला ते लागलं की मामी हमखास बाहेर येऊन दारात टेकायच्या, हात पदराला पुसत. "हे त्यातल्या त्यात बरंय," त्या म्हणायच्या. "ह्यात भांडण नाही."

"आहे की," मामा डब्यावर ठेका धरूनच म्हणायचे. "घरातलं आहे."